कृत्रिम श्वासावरील रुग्णाची मुखस्वच्छता

ताळेबंद आणि रुग्णसंख्येचे तक्ते यांच्या जोडीला एखाद्या आरोग्यविषयाची ओळख वाचकांना करून द्यावी, असा या अहवालाचा प्रघात आहे. यंदाचा विषय पाहून काही वाचकांना नवल वाटेल. अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर, म्हणजे आता घरोघरी ज्याला व्हेंटिलेटर म्हणतात त्यावर, असलेल्या रुग्णाचे दात घासणे हा तो विषय होय. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून त्याचा नित्याचा संबंध औषधांपेक्षा पावत्यांशी अधिक येतो. वैद्यकीय भाग डॉक्टरांकडून व परिचारिकांकडून समजून घेऊन आणि प्रसिद्ध झालेले अभ्यास वाचून लिहिला आहे. तरीही हा लेख प्रशासकाने लिहिणे अप्रस्तुत ठरू नये, कारण त्यात वैद्यकाइतकाच हिशेबाचाही प्रश्न गुंतलेला आहे.

हे यंत्र आपल्या भागात कोणाला लागते, हे प्रथम पाहू. मोठ्या शहरांत यंत्रावरील रुग्ण म्हटले की वृद्ध, दीर्घकाळ आजारी अशी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. कळवण, सुरगाणा, देवळा, बागलाण या पट्ट्यातील चित्र काहीसे वेगळे आहे. पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसास रात्री मण्यार चावते. दंश फारसा दुखत नाही, कित्येकदा खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते आणि पाहता पाहता श्वासाचे स्नायू लुळे पडतात. नागदंशातही असेच घडते. दुसरा मोठा वर्ग कीटकनाशकांच्या विषबाधेचा. कांदा, द्राक्ष, डाळिंब, टोमॅटो अशा पिकांच्या मुलखात ही औषधे घराच्या कोपऱ्यातच असतात आणि ती कधी चुकून, कधी रागाच्या वा निराशेच्या भरात पोटात जातात.

या दोन्ही प्रकारच्या रुग्णांत एक गोष्ट समान आहे. ते बहुधा तरुण असतात आणि त्यांची फुप्फुसे बऱ्याचदा धडधाकट असतात. मण्यार चावलेल्या रुग्णास प्रतिविष, देखरेख आणि काही दिवसांचा उसना श्वास एवढे वेळेवर मिळाले, तर तो उठून, चालत, स्वतःच्या पायांनी घरी जाऊ शकतो. अशा रुग्णास यंत्रावर असताना न्यूमोनिया झाला, तर जे फुप्फुस सापाने बिघडवले नव्हते ते रुग्णालयात बिघडले असे म्हणावे लागते. वाक्य कठोर आहे, पण विश्वस्तांसमोर ते याच शब्दांत ठेवणे योग्य होय.

यंत्रावर ठेवल्यानंतर ४८ तास उलटून गेल्यावर जो न्यूमोनिया उद्भवतो, त्यास या यंत्राशी निगडित न्यूमोनिया असे वेगळे नाव दिले जाते. त्यामुळे रुग्णाचा अतिदक्षता विभागातील मुक्काम वाढतो, महागडी प्रतिजैविके लागतात आणि कित्येकांचा प्राणही जातो. आपल्या देशातील अतिदक्षता विभागांत त्याला कारण होणारे क्लेब्सिएला, स्युडोमोनास, ॲसिनेटोबॅक्टर हे जिवाणू बहुतेक औषधांना दाद देईनासे झाले आहेत. म्हणजे आजार झाल्यावर लढण्यापेक्षा तो होऊ न देण्यातच शहाणपण अधिक.

तोंडातून फुप्फुसापर्यंतची वाट

१९५२ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. श्वास बंद पडलेल्या रुग्णांसाठी यंत्रे अपुरी पडली. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने रुग्णाच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवली आणि रबरी पिशवी दाबून हवा आत ढकलण्याची पद्धत अवलंबिली. शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने दिवसरात्र पिशव्या दाबून रुग्ण जगविले. आजच्या अतिदक्षता विभागाचा उगम तेथे मानला जातो. पिशवीची जागा पुढे यंत्राने घेतली आणि आज नळी बहुधा तोंडातूनच घातली जाते. नळीने जीव वाचतो हे खरे, पण तिच्याबरोबर एक नवी अडचणही शरीरात शिरते.

आपण जागे असतो तेव्हा लाळ सतत गिळत असतो. चुकून थेंब श्वासनलिकेकडे गेला की ठसका लागतो आणि तो बाहेर फेकला जातो. गुंगीतील रुग्णास गिळता येत नाही, खोकताही येत नाही. शिवाय नळीमुळे स्वरयंत्राचे दार सदैव किलकिले राहते. नळीच्या टोकाजवळ हवेचा एक छोटा फुगा असतो. तो श्वासनलिकेच्या भिंतीस टेकून वाट बंद करतो अशी आपली समजूत असते, परंतु फुग्याच्या पृष्ठभागावर बारीक चुण्या पडतात आणि त्याच्या वर साचलेली लाळ त्या चुण्यांतून थेंबाथेंबाने खाली झिरपते. शेताच्या बांधास उंदराने बीळ पाडल्यावर पाणी जसे नकळत खालच्या वाफ्यात उतरते, तसाच हा प्रकार आहे.

मग प्रश्न उरतो तो या लाळेत काय असते याचा. निरोगी माणसाच्या तोंडातही जिवाणूंच्या सुमारे ७०० जाती आढळल्या आहेत. त्या बहुतेक निरुपद्रवी असून त्यांचे वास्तव्य उपद्रवी जिवाणूंना जागा मिळू देत नाही. हे जग प्रथम पाहणारा गृहस्थ डॉक्टर नव्हता. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा आंतोनी फान लेवेनहुक हा कापडाचा व्यापारी होता. स्वतः घासलेल्या भिंगांतून त्याने दातांवरील पांढरा चिकट थर पाहिला आणि त्यात वळवळणाऱ्या सूक्ष्म जीवांचे वर्णन १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्राने कळविले. व्यापारी माणसाची नजर वैद्यकासही कधी उपयोगी पडते, एवढी नोंद करून पुढे जातो.

माणूस अत्यवस्थ झाला की तोंडातील ही वसाहत बदलते. तोंड सतत उघडे राहिल्याने लाळ सुकते, खाणे-चावणे थांबते, प्रतिजैविकांमुळे नेहमीचे जिवाणू मरतात आणि रिकाम्या जागेत रुग्णालयातील उपद्रवी जिवाणू येऊन बसतात. अमेरिकेतील जोहान्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली दाखवून दिले, की आजार जितका गंभीर तितके हे घशातील परिवर्तन अधिक प्रमाणात होते. पुढे १९९२ साली फ्रँक स्कॅनापिको यांच्या गटाने अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या दातांवरचा थर तपासला. न्यूमोनियाचे जिवाणू त्या थरात ठाण मांडून असल्याचे त्यांना आढळले आणि बाहेरून दंतचिकित्सेसाठी येणाऱ्या लोकांच्या तुलनेत हे प्रमाण बरेच अधिक होते. दात हा जिवाणूंच्या दृष्टीने खडकासारखा आधार आहे. गालाची त्वचा झडते, नवी येते. दात तेथेच राहतो आणि त्यावरचा थर दिवसागणिक जाड होत जातो. ज्यांना मिसरी वा तंबाखूची सवय असते, ज्यांच्या दातांवर आधीच किटण साचलेले असते, त्यांच्या बाबतीत सुरुवातच तोट्याने होते.

हा थर चिकट असतो. नुसते पाणी वा औषध ओतून तो निघत नाही. स्वयंपाकघरात दूध लागलेल्या पातेल्यात कितीही वेळ पाणी भरून ठेवले तरी शेवटी हाताने घासावेच लागते, हे गृहिणींना सांगावयास नको.

मुंबईतील एक अभ्यास

या विषयावरील जो अभ्यास लेखकास सर्वांत बोधप्रद वाटला तो परदेशातील नसून मुंबईच्या परळ भागातील के. ई. एम. रुग्णालयातील आहे. तेथील अतिदक्षता विभागातील डॉ. दिलीप कर्नाड व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा अभ्यास २००९ साली ‘चेस्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. महापालिकेच्या गर्दीच्या रुग्णालयात, मर्यादित साधनांत झालेले हे काम असल्याने आपल्यासारख्या संस्थेस ते अधिक जवळचे आहे.

त्या काळी क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशक द्रावणाचा मोठा बोलबाला होता. १९९६ साली अमेरिकेत हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात त्याचा लाभ दिसून आला होता आणि तेव्हापासून जगभर ते अतिदक्षता विभागांत वापरले जाऊ लागले होते. मुंबईच्या डॉक्टरांनी रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडले. एका गटाचे तोंड व घसा दिवसातून दोनदा ०.२ टक्के क्लोरहेक्झिडिनने स्वच्छ करण्यात आला. दुसऱ्या गटासाठी ०.०१ टक्के पोटॅशियम परमँगनेट वापरले गेले. विहिरीच्या पाण्यात टाकतात ती जांभळी पूड म्हणजेच हे रसायन. दहा लिटर पाण्यात एक ग्रॅम, इतके ते सौम्य द्रावण होते.

निकाल असा लागला. क्लोरहेक्झिडिनच्या गटातील २२४ रुग्णांपैकी १६ जणांना, म्हणजे ७.१ टक्क्यांना, रुग्णालयातील न्यूमोनिया झाला. दुसऱ्या गटातील २४७ पैकी १९ जणांना, म्हणजे ७.७ टक्क्यांना झाला. दोहोंत नाव घेण्याजोगा फरक नव्हता. येथवर वाचून कोणी म्हणेल, अभ्यास निष्फळ ठरला. परंतु खरी लक्षणीय गोष्ट पुढेच आहे. अभ्यास सुरू होण्यापूर्वीच्या तीन महिन्यांत त्याच विभागात हे प्रमाण २१.७ टक्के होते आणि अभ्यासाच्या काळात दोन्ही गट मिळून ते ७.४ टक्क्यांवर आले.

बाटलीतील औषध बदलल्याने काही घडले नाही. ठरल्या वेळी, न चुकता, कोणीतरी प्रत्येक रुग्णाचे तोंड काळजीपूर्वक स्वच्छ करू लागले, हा मात्र आधीच्या आणि नंतरच्या काळातील एक ठळक फरक होता. संशोधकांनी स्वतः याबाबत संयमाने लिहिले असून काटेकोर मुखस्वच्छतेचा लाभ संभवतो, इतकेच म्हटले आहे. हा संयम योग्यच आहे. आधीचे तीन महिने आणि नंतरचा काळ यांची तुलना करताना रुग्ण, ऋतू आणि देखरेख या साऱ्यांत बदल झालेला असू शकतो. गतवर्षीपेक्षा देणग्या वाढल्या म्हणून त्याचे सारे श्रेय नव्या पावतीपुस्तकास देता येत नाही, हे लेखापरीक्षक आम्हांस दरवर्षी बजावतात.

तथापि पुढील काळात जे समोर आले ते याच दिशेचे आहे. २०१४ साली क्लोरहेक्झिडिनवरील अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यातून हृदयशस्त्रक्रियेव्यतिरिक्त अन्य रुग्णांत त्याचा लाभ संशयास्पद असून कदाचित मृत्यूचे प्रमाण किंचित वाढत असावे, अशी शंका पुढे आली. ते द्रावणच थोडेथोडे फुप्फुसात उतरत असावे, असा एक तर्क आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅनडातील सहा अतिदक्षता विभागांनी हे द्रावण टप्प्याटप्प्याने बंद करून त्याजागी ब्रश, ओलावा व शोषण यांचा नियमित क्रम लावला. मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही. २०२२ च्या अमेरिकेतील मार्गदर्शक सूचनांत क्लोरहेक्झिडिनने तोंड पुसण्याची शिफारस मागे घेण्यात आली आणि दात घासण्याचा समावेश मात्र आवश्यक बाबींत झाला. डिसेंबर २०२३ मध्ये बॉस्टन येथील सेलिना एरेनझेलर व मायकेल क्लोम्पास यांनी १५ चाचण्यांतील २,७८६ रुग्णांची माहिती एकत्र केली. दात घासलेल्या रुग्णांत रुग्णालयातील न्यूमोनियाचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने आणि अतिदक्षता विभागातील मृत्यूचे प्रमाण सुमारे एक पंचमांशाने कमी आढळले. हा लाभ मुख्यतः यंत्रावरील रुग्णांतच दिसला. दिवसातून दोनदा घासणे पुरेसे ठरले. तीन वा अधिक वेळा घासल्याने अधिक फायदा झाला असे दिसले नाही.

प्रत्यक्ष कृती

यंत्रावरील रुग्णाचे दात घासणे हे आपण सकाळी घासतो तसे सोपे काम नव्हे. प्रथम खाटेचा डोक्याकडील भाग ३० ते ४५ अंशांनी उंच असल्याची खात्री केली जाते. नळीच्या फुग्यातील दाब मोजला जातो. तो पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटर इतका असावा लागतो. कमी झाला तर गळती होते, अधिक झाला तर श्वासनलिकेस इजा पोचते. मग तोंडात साचलेली लाळ शोषून घेतली जाते. लहान मुलांचा मऊ ब्रश याकामी सर्वांत सोयीचा, कारण नळीच्या कडेने आत जाण्यास त्याचे लहान डोके उपयोगी पडते. एक परिचारिका नळी घट्ट धरून राहते, दुसरी दात, हिरड्या व जीभ हळुवार घासते आणि घासतानाच सुटलेला मळ शोषकनळीने ओढून घेते. हा मळ खाली उतरला तर केलेले काम उलटते, म्हणून शोषणाविना घासणे हे न घासण्यापेक्षाही वाईट ठरू शकते. शेवटी ओठांना ओलावा लावणे आणि नळीची ओठांवरील जागा बदलणे, जेणेकरून एकाच जागी दाबाने जखम होऊ नये. तयारी, काम व नोंद मिळून दहा-पंधरा मिनिटे सहज जातात.

नातेवाइकांस यानिमित्त काही विनंत्या आहेत. रुग्णास दाखल करताना त्याची कवळी असल्यास वा एखादा दात हलत असल्यास तेवढ्या घाईतही सांगावे. कवळी काढून, नाव लिहिलेल्या डबीत ठेवून आपल्या स्वाधीन केली जाईल. हलता दात माहीत नसला तर तो निसटून श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. मिसरी-तंबाखूची सवय असल्यास तीही न संकोचता सांगावी. तिच्याबद्दल येथे कोणी बोल लावणार नाही.

आणखी एक गोष्ट नाजूक आहे, पण लिहिणे भाग आहे. सप्तशृंगी गडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्या लोकांची श्रद्धा आम्ही जाणतो. आईचे तीर्थ वा गंगाजल रुग्णाच्या मुखी घालावे, ही इच्छा आई-बहिणींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या रुग्णास गिळता येत नाही त्याच्या तोंडात घातलेले पाणी पोटात जात नाही, ते नळीच्या कडेने खाली उतरते. अंगारा कपाळास लावावा, तीर्थाचे बोट हातास वा मस्तकास लावावे, परिचारिका त्यास कधीही आडकाठी करणार नाहीत. तोंडात मात्र एक थेंबही घालू नये. भेटीस आल्यावर सकाळ-सायंकाळ तोंड स्वच्छ केले का, असे परिचारिकेस विचारण्याचा नातेवाइकांस पूर्ण अधिकार आहे, आणि खाटेजवळच्या नोंदपत्रकात त्याचा रकाना असतो.

हिशेबाची बाजू

आता लेखकाच्या अखत्यारीतील भागाकडे येतो. लहान ब्रश काही रुपयांत येतो. त्याचा खर्च ताळेबंदात शोधूनही सापडणार नाही. या कामास जे लागते ते म्हणजे दोन माणसांचे हात आणि त्यांच्याकडे असलेली पंधरा मिनिटे. यंत्रावरील प्रत्येक रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका असावी, असा मानदंड आहे. एका खाटेसाठी आठवड्याच्या २१ पाळ्या होतात. साप्ताहिक सुटी धरून एक परिचारिका सहा पाळ्या करू शकते. म्हणजे साडेतीन, आणि रजा, आजारपण व प्रशिक्षण धरले की चाराहून अधिक परिचारिका एका खाटेमागे वेतनपटावर हव्यात. संख्या कमी पडली की पाळीतील परिचारिका आधी काय करते? औषधे देते, यंत्राचा गजर वाजला तिकडे धावते, नोंदी पूर्ण करते. यांतले काहीही टाळता येण्याजोगे नाही. मागे पडते ते तोंड धुणे, कारण ते चुकले म्हणून त्याच क्षणी कोणताही गजर वाजत नाही. त्याचा परिणाम चार-पाच दिवसांनी छातीच्या क्ष-किरण चित्रात दिसतो आणि तोवर कारण कोणाच्या लक्षातही राहिलेले नसते. यात परिचारिकेस दोष देणे अन्यायाचे होईल.

देणगीदारांचा कल यंत्रांकडे असतो आणि त्यात गैर काहीच नाही. कोविडच्या २०२०-२१ मधील दिवसांत व्हेंटिलेटर हा शब्द घराघरांत पोचला आणि अनेक गावांत दात्यांनी आपणहून यंत्रे दिली. यंत्रावर नाव कोरता येते, त्याचे पूजन करता येते, छायाचित्र अहवालात छापता येते. मंगल प्रसंगी वा दिवंगतांच्या स्मरणार्थ असे काही द्यावेसे वाटणे हा आपल्या समाजाचा चांगला गुण आहे. वेतनास दिलेल्या देणगीस मात्र फलक लावता येत नाही, आणि म्हणूनच ती मागताना आम्हा प्रशासकांची जीभ अडखळते. लेखाशास्त्राच्या दृष्टीनेही हे दोन खर्च निराळे आहेत. यंत्र ही भांडवली मालमत्ता, ते ताळेबंदात दिसते आणि दरवर्षी त्याचा घसारा निघतो. परिचारिकेचे वेतन हा महसुली खर्च, तो वर्षाअखेर संपून जातो आणि मागे काहीच उरत नाही. उरतो तो घरी गेलेला रुग्ण, पण त्याचा रकाना ताळेबंदात नसतो.

लेखकाचे स्पष्ट मत असे, की परिचारिका न वाढविता यंत्र वाढविणे हे विहीर न खोदता मोट विकत घेण्यासारखे आहे. नवे यंत्र स्वीकारताना त्यामागे लागणाऱ्या परिचारिकांच्या किमान तीन वर्षांच्या वेतनाची तरतूद त्याच वेळी व्हावी, असा प्रस्ताव या वर्षी विश्वस्त मंडळासमोर ठेवला आहे. त्यासाठी ‘परिचर्या निधी’ या नावाने स्वतंत्र राखीव निधी उभारावा, त्यात जमा होणाऱ्या रकमेचा विनियोग केवळ अतिदक्षता विभागातील परिचारिकांचे वेतन, त्यांचे प्रशिक्षण आणि मुखस्वच्छतेचे साहित्य यांसाठीच व्हावा, आणि त्याचा जमाखर्च पुढील अहवालापासून वेगळ्या परिशिष्टात द्यावा, असे त्यात सुचविले आहे. त्याच परिशिष्टात यंत्रावरील एकूण रुग्णदिवस, त्या काळात झालेल्या न्यूमोनियाची संख्या आणि मुखस्वच्छतेच्या चुकलेल्या नोंदी हे तीन आकडेही छापले जातील. या निधीतून यंत्रखरेदी करता येणार नाही, अशी अट ठरावाच्या मसुद्यात घातलेली असून मसुदा कार्यालयात वाचावयास ठेवला आहे.